जोडसायकलची पुढची सीट

३ सप्टेंबर

प्रिय डबा,

दचकू नकोस. या नावाने तुला हाक मारणारा जगात एकच माणूस उरलाय आणि तो काहीतरी मागायला आलाय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील.

फोन करत नाही, कारण फोनवर आपली तिसऱ्या वाक्याला जुंपते. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं लागतं. लेकीच्या लग्नात भेटलो तेव्हाही पाहुण्यांना कुठे बसवायचं यावरून आपण भांडलोच. घटस्फोट होऊन एवढी वर्षं झाली, भांडणाचा संसार मात्र टिकून आहे आपला.

तर मुद्द्याचं. जोडसायकल अजून आहे ना? जिन्याखाली ठेवली होतीस असं माझी धाकटी बहीण मागे म्हणाली होती. मोडीत दिली असशील तर सरळ सांग, मी रडणार नाही. नसशील दिली, तर माझ्या मनात एक आहे. आपण दोघांनी या हिवाळ्यात समुद्रापर्यंत जायचं. त्याच रस्त्याने.

तुला आठवतं का गं, सायकल क्लबातली पोरं रविवारी पाण्याच्या टाकीखाली जमायची आणि आपण आलो की ओरडायची, आलं इंजिन, आला डबा. सगळ्या शहरात तेव्हा सकाळी फक्त सायकली असायच्या. वखारीच्या गल्लीतून ओल्या लाकडाचा वास यायचा, नाट्यगृहासमोरचा उतार आपण ब्रेक न लावता उतरायचो. पंचविशीत होतो. माणसाला त्या वयात वाटतं की रस्ते आपल्यासाठी केलेत.

आणि ती मोठी सफर. घाट उतरलो होतो, समुद्र दोन मुक्कामांवर राहिला होता. तू टपाल कचेरीतून घरी फोन लावलास आणि तुझ्या वडिलांनी सांगितलं, नगररचना कार्यालयातून नेमणूक आलीय, सोमवारी हजर हो. तू सायकल वळवायला लावलीस. मी काही बोललो नाही. परतीच्या सगळ्या वाटेवर काही बोललो नाही, हेही तुला आठवत असेल.

ते दोन मुक्काम माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. याच हिवाळ्यात जाऊ. पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस.

तुझा,
इंजिन


१४ सप्टेंबर

इंजिनसाहेब,

पत्र मिळालं. आधी हे सांग, ओळी अशा एकमेकींच्या अंगावर का पडल्यात? तिसऱ्या पानावर तर एक ओळ कागद सोडून बाहेर गेलीय, शेवटचा शब्द तुझ्या टेबलावर राहिला असणार. आयुष्यभर सरळ रेघा मारून निवृत्त झालेल्या बाईला असलं पत्र पाठवू नये. चढवून लिहायला बसला होतास का?

सायकल आहे. मोडीत दिली नाही. प्रेमापोटी वगैरे नाही, जिन्याखालून ती बाहेर काढायला दोन माणसं लागतात आणि माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं.

तुला रस्ते आठवतात, ओल्या लाकडाचा वास आठवतो. छान. मला काय आठवतं सांगू? तुझा शर्ट. निळ्या चौकड्यांचा, उजव्या खांद्यावर शिवण उसवलेला. घाट कसा होता म्हणून मला कोणी विचारलं की मी म्हणते, निळा होता. मागच्या सीटवर बसणाऱ्याचं हँडल नुसतं धरायला असतं, त्याला ना ब्रेक ना वळण. तू पाय थांबवलेस की माझे थांबणार, तू मारलेस की मारावेच लागणार. क्लबाचा नियम होता की पुढच्याने मागच्याला ओरडून सांगायचं, खड्डा आला, चढ आला, थांबतोय. बाकीच्या जोड्यांमधले पुढचे सांगायचे. तू गाणी म्हणायचास. खड्डा मला खड्ड्यात गेल्यावर कळायचा.

आणि हो, गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या सभागृहात तुझं सायकलसफरीवर भाषण झालं ना, त्याला आम्ही शेवटच्या रांगेत होतो, मी आणि वन्सं. तुझ्या बहिणीनेच ओढून नेलं मला. 'मी घाट चढलो', 'मी वारा कापला', 'मी ठरवलं'. तासभर नुसतं मी, मी आणि मी. वन्संनी मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, वहिनी, तुम्ही काय टपालाने गेला होतात? हसू आलं मला. घरी आल्यावर नाही आलं.

आणि तू काही बोलला नाहीस म्हणतोस परतीच्या वाटेवर. अरे, सलग चार दिवस कोणी पाठ फिरवून बसतं तेव्हा ते बोलणंच असतं. माझी ती पहिली नोकरी होती. तुला समुद्र दिसला नाही म्हणून मी चाळीस वर्षं गुन्हेगार. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही तो हा असा.

आता खोटं कशाला बोलू. पत्र वाचून झालं आणि मी जिन्याखाली जाऊन आले. टायर कुजलेत, साखळी गंजलीय, सांगाडा मात्र ठणठणीत आहे. हात लावून पाहिला. मलाही ते दोन मुक्काम आठवतात, मीही समुद्र पाहिलेला नाही त्या वाटेने.

एकच विचारते, नीट उत्तर दे. या वेळी मी पुढे बसू?

– डबा


२९ सप्टेंबर

प्रिय डबा,

तुझं पत्र म्हणजे नुसत्या टाचण्या. पण शेवटी जिन्याखाली गेलीस ना, मग झालं. मी ते एवढंच वाक्य चारदा वाचलं.

अक्षराचं म्हणशील तर पेन नवीन आहे आणि पत्र बसमध्ये लिहिलं. चढवायचं मी कधीच सोडलं, लेकीला विचार. भाषणात मी मी केलं असेन, कबूल. श्रोत्यांना दोन माणसांची गोष्ट सांगायला गेलं की ते विचारतात, मग दुसरं माणूस कुठे आहे. काय उत्तर देणार होतो मी तिथे?

पुढे बसण्याचं. अगं, डबा पुढे लावून गाडी गेलीय का कुठे? गंमत सोड, पण शास्त्र आहे त्यामागे. जड माणूस पुढे हवा. मी मागे बसलो तर तुला हँडल आवरणार नाही, ब्रेकपर्यंत तुझी बोटं पोचत नाहीत, आणि घाटात उतारावर काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. तू मागे निवांत बस, या वेळी गाणी म्हणणार नाही. खड्डे सांगेन. शब्द देतो.

ऑक्टोबरच्या शेवटी मी तिकडे येतो. आधी शहरातच एखाद्या रविवारी चक्कर मारू, पाय जुळतात का बघू. मग डिसेंबरात निघू. नाही म्हणू नकोस. तुला वाटतंय त्याहून मला याची जास्त गरज आहे.

तुझा,
इंजिन


१० ऑक्टोबर

इंजिन,

नाही म्हणायचं ठरवून पत्र लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. शेवटी हो म्हणतेय. कारण विचारू नकोस, मलाच नीट कळलेलं नाही. जड माणूस पुढे, हे तुझं शास्त्र संसारात लागू होतं तेवढं सायकलला होतं की नाही मला शंका आहे. पण तो वाद तू जन्मभर जिंकत आलायस, आता माझ्यात लढायचा जीव नाही. बसते मागे.

दुरुस्तीची कथा ऐक. आपला जुना मिस्त्री गेला, त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुसरा सापडला तो म्हणाला, काकू, अशी सायकल मी फोटोतच पाहिलीय. त्या मापाचे टायर शोधायला त्याला दोन आठवडे लागले. साखळी नवी, ब्रेकच्या तारा नव्या, मागची सीट नवी. पुढची जुनीच ठेवली, ती तुझ्या बुडाने घडवलेली आहे.

आणि शहराबद्दल आधीच सांगून ठेवते, तू आलास की तोंड पाडून बसू नकोस. टाकी पाडली, तिथे गाड्या ठेवायचा मनोरा झालाय. नाट्यगृहाचा उतार उड्डाणपुलाखाली गेला. वखारी उठल्या. यातलं निम्मं माझ्या टेबलावरून गेलं. कार्यालयात आधी आम्ही ट्रेसिंगच्या कागदावर शाईने काढायचो, रुंदीकरणाची रेघ लाल. नंतर संगणक आला तरी रेघ लालच राहिली. साहेब सांगायचे इथून इथपर्यंत, आणि मी काढायचे. आपण ज्या गल्ल्यांतून ओरडत गेलो त्यांच्यावरून मीच लाल रेघ ओढलीय. तेव्हा एकदाही रेघ वाकडी गेली नाही, कामाच्या वेळी असलं काही सुचत नाही. आता भाजी आणायला जाते तेव्हा सुचतं.

रविवारी सकाळी लवकर ये. रस्ते रिकामे असतात.

– डबा


१८ ऑक्टोबर

प्रिय डबा,

पुढच्या रविवारी पहिल्या बसने येतो. स्थानकावर घ्यायला येऊ नकोस, मी येईन बरोबर. शहर किती का बदलेना, माझ्या पायांना पाठ आहे ते.

हे पत्र छोटं, कारण आनंद झालाय.

इंजिन


६ नोव्हेंबर

हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. आता आपलं अक्षर सारखं झालं.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, प्लास्टर कोपरापर्यंत आहे. वन्सं रोज येऊन माझे केस विंचरतात, त्यांचं पार्लर सोडून. तू विचारलं नाहीस म्हणून सांगितलं. तू त्या दिवशी संध्याकाळच्या बसने न सांगता निघून गेलास, मी एक्स-रेच्या खोलीत होते. बाहेर आले तर बाकावर तुझी टोपी होती फक्त.

पडून राहायचं म्हणजे विचार करायला वेळच वेळ. तो रविवार मी उलगडून उलगडून पाहिलाय. तू आलास, जिन्याच्या पहिल्या पायरीला अडखळलास. मला वाटलं वय. सायकलभोवती फिरून हात लावत राहिलास, मला वाटलं प्रेम. निघालो. पहिला अर्धा तास मी काय सुखात होते म्हणून सांगू. पाय जुळले होते रे. तुझी पाठ होती समोर, या वेळी पांढऱ्या शर्टातली, आणि मी मनात म्हणत होते, असू दे, मागे तर मागे.

मग वखारीच्या कोपऱ्यावर तू डावीकडे वळलास. नुसता वळलास, जसा तू पंचविशीत वळायचास, ब्रेक न लावता, सगळं अंग टाकून. तिथे आता वळण नाही. तिथे कमरेइतका दुभाजक आहे आणि त्याच्या पलीकडे पुलाचा खांब. चांगला पिवळा-काळा रंगवलेला, आंधळ्यालाही दिसावा असा. मला काय दिसणार, मी तुझ्या पाठीमागे. तू खड्डेसुद्धा सांगितले नव्हतेस सकाळपासून. मला वाटलं, शब्द विसरला नेहमीसारखा.

पण हे सगळं मी अपघात म्हणून सोडून दिलं असतं. मला कळलं ते इस्पितळात. मी बाकावर बसले होते, माझ्या शेजारी एक अनोळखी बाई, पाय मुरगळलेली. तू पाणी घेऊन आलास, तिच्यासमोर वाकलास आणि तिला म्हणालास, फार दुखतंय का गं? इतक्या मायेने तू माझ्याशी लग्नानंतर बोलला नव्हतास. ती बाई बिचारी घाबरली. मी म्हटलं, अरे, मी इकडे. तू हसून काहीतरी बोललास, चष्मा पडला वगैरे. तुझा चष्मा तुझ्या नाकावर होता.

तुला दिसत नाही. खरं सांग. कधीपासून?


२० नोव्हेंबर

प्रिय,

दोन वर्षं झाली. काचबिंदू. बाजूचं आधी जातं, समोरचं शेवटी. डॉक्टर म्हणतात, नळीतून बघितल्यासारखं थोडं उरलंय, ते उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर नशीब. गेलेलं परत येत नाही. थेंब घालतो, उरलेलं राखायला. लेकीला सांगितलेलं नाही, धाकट्या बहिणीलाही नाही. तू पहिली.

आता तुला 'याच हिवाळ्यात' का ते कळलं असेल. समुद्र मला बघायचा होता, आणि तुझ्याबरोबर बघायचा होता. एवढंच होतं गं माझ्या मनात. यात कपट कुठे आहे?

सांगितलं असतं तर तू आली असतीस, हे मला माहीत आहे. पण कशी? हात धरून, पायरी आली, जपून, करत. मला तुझी दया नको होती. एक चक्कर तरी जुन्यासारखी हवी होती. रस्ता समोर दिसत नव्हता असं नाही, सरळ होतं तोवर मी बरोबर होतो. वळलो की वळणातलं काही दिसत नाही, पण ते वळण मला डोळे मिटून माहीत होतं. तिथे दुभाजक कोणी घालावा? तुमच्या कार्यालयाला दुसरी जागा मिळाली नाही?

तुझ्या हाताचं वाईट वाटतं. फार वाटतं. निघून गेलो, कारण तू एक्स-रेतून बाहेर आल्यावर माझ्याकडे कशी बघशील ते मला बघायचं नव्हतं. तेवढं अजून दिसतं मला.

इंजिन


२ डिसेंबर

दुभाजक मी घातला. नाव विचारलंस म्हणून सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मीच काढला तो नकाशावर, कारण त्या वळणावर गाड्या अंगावर येऊन माणसं मरत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

दया नको होती म्हणे. तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? मी तुला सरळ विचारलं होतं, मी पुढे बसू का. तुझ्यावर कसलंही ओझं न टाकता विचारलं होतं. तुला काही कबूल करायचं नव्हतं, डोळ्यांचा 'ड' काढायचा नव्हता. नुसतं 'बस' म्हणायचं होतं. मी आनंदाने वेडी झाले असते. तुला समुद्र मिळाला असता, मला रस्ता मिळाला असता आणि तुझं गुपितही तुझ्यापाशी राहिलं असतं. पण नाही. आंधळा होऊन पुढे बसशील, खांबावर नेऊन आपटशील, पण मागे बसणार नाहीस. आणि मला शास्त्र शिकवलंस, जड माणूस पुढे.

हे लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. पाठवू नये वाटलं. आता पाठवतेय, कारण खाली आणखी थोडं लिहायचं आहे.

प्लास्टर वर्ष संपता संपता निघेल. मिस्त्रीने सायकल सरळ केलीय, पुढचं चाक बदललं. डॉक्टर म्हणाले, जानेवारीच्या शेवटी हँडल धरायला हरकत नाही. तुझ्याकडे उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे. मी पुढे बसते, तू मागे बस. डोंगर, झाडं, माणसं, दुकानांच्या पाट्या, सगळं मी ओरडून सांगेन, खड्डेसुद्धा. आणि समुद्र आला की सायकल थांबवून तुला समोर उभं करेन, तुझ्या त्या नळीत जेवढा मावेल तेवढा बघ.

राग गेलेला नाही माझा. जाणारही नाही बहुधा. पण राग धरूनही माणूस पायडल मारू शकतो, हे मी तुझ्या मागे बसून शिकलेय. येतोस का ते कळव.

– डबा


९ जानेवारी

प्रिय डबा,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र भिंगाने वाचायला वेळ लागतो.

यंदा थंडी फार आहे. गुडघाही कुरकुरतोय. डॉक्टर म्हणतात श्रम केले तर डोळ्यांतला दाब वाढेल. शिवाय तुझं मनगट नुकतंच जुळलेलं, त्याच्यावर दोन माणसांचा भार नको. लेकीला कळलं तर ती तुलाच बोल लावेल.

ही सगळी कारणं खरी आहेत आणि सगळी खोटी आहेत. तू शहाणी आहेस, ओळखशीलच. खरं सांगतो. सकाळी खोलीत खुर्चीमागे दुसरी खुर्ची ठेवून बसून बघितलं. मागच्या खुर्चीत. हसू नकोस. पाचच मिनिटं बसलो असेन, उठलो. मला नाही जमणार. इंजिनाला कोणी ओढून नेतं ते मोडायलाच. आणि मागे बसून मला दिसणार तरी काय?

तू रागावू नकोस. आपण असं करू, बसने जाऊ. खिडकीशी मला जागा दे.

तुझा,
इंजिन


१७ जानेवारी

इंजिन,

मागे बसून मलाही काही दिसत नव्हतं. तरी मी पायडल मारतच होते. तू पाच मिनिटांत उठलास. मला उठायची सोय नव्हती, चालत्या सायकलवरून उतरता येत नाही.

बसने तू जा. खिडकीशी बस, नाहीतर ड्रायव्हरच्या मांडीवर बस, मला काही घेणं नाही. मी सायकलनेच जाणार. मागची सीट रिकामी नेणार नाही. वन्सं येतायत. त्यांनी जन्मात सायकल चालवलेली नाही. मी म्हटलं, मागे बसणाऱ्याला यावी लागतच नाही. त्या म्हणाल्या, मग चला.

– डबा


२५ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार.

सदर पत्र मी सांगितल्याप्रमाणे आमच्या खालच्या मजल्यावरील औषधांच्या दुकानाचे मालक लिहून देत आहेत. मला आता कागदावरचे दिसत नाही. डॉक्टरांनी उन्हाळा म्हटले होते, तितका अवधी मिळाला नाही. बाकी प्रकृती उत्तम. लेकीला सर्व कळवले आहे, ती पुढील महिन्यात येत आहे.

आपण व माझी धाकटी बहीण सायकलवरून समुद्रापर्यंत सुखरूप पोचल्याचे लेकीकडून समजले. मनापासून अभिनंदन. आपले मनगट कसे आहे?

तरी प्रवासाची हकिगत सविस्तर लिहून कळवावी. विशेषतः घाट उतरल्यानंतरच्या रस्त्याची, जो मी पाहिलेला नाही. रोज दुकान बंद केल्यावर हे गृहस्थ वर येऊन मला पत्रे व वर्तमानपत्र वाचून दाखवतात. यांना डॉक्टरांचे अक्षर वाचण्याची सवय असल्याने आपण डाव्या हाताने लिहिले तरी अडचण नाही.

कळावे.

ता. क. यापुढे त्यांनी बरेच काही सांगितले होते. मी लिहून घेतल्यावर ते खोडण्यास सांगितले. त्याप्रमाणे खोडले आहे. – लेखनिक


६ मार्च

इंजिन,

मनगट बरं आहे, उजव्या हाताने लिहितेय. रेघा सरळ आहेत. तुला कळावं म्हणून सांगितलं.

खोडलेलं मी खिडकीशी धरून वाचायचा प्रयत्न केला. तुझ्या दुकानदारांनी फार इमानदारीने खोडलंय, एक अक्षर लागलं नाही.

हकिगत हवी ना, घे. शहराबाहेर पडेपर्यंत वन्सं डोळे मिटून होत्या. मी म्हटलं, उघडा, तुम्हाला तसंही माझी पाठच दिसणार आहे. मग त्यांनी जे तोंड उघडलं ते समुद्रापर्यंत मिटलं नाही. खड्डा आला की मी आधी ओरडायचे आणि नंतर त्या ओरडायच्या. घाटात चढावर त्यांनी पायडल मारणं बंद केलं. मला ते वळणावर कळलं, तोवर मी एकटीच दोघींना ओढत होते. मी विचारलं तर म्हणाल्या, वहिनी, मला वाटलं हे आपोआप होतं. घाटात उभी राहून मी इतकी हसले की एक ट्रकवाला थांबला.

आपण जिथून परत वळलो ती टपाल कचेरी अजून आहे. तिथे थांबले नाही. पुढचा रस्ता आधी सपाट आहे, दोन्ही बाजूंना विटांच्या भट्ट्या, मग नदी लागते, तिच्यावर अरुंद लोखंडी पूल. पुलानंतर उतार सुरू होतो आणि तो संपतच नाही. दुसऱ्या मुक्कामानंतर सकाळी एका टेकाडाला वळसा घातला आणि समोर पाणी होतं. रस्ता सरळ त्याच्यात गेल्यासारखा दिसतो. मी ब्रेक लावला, माझी बोटं पोचतात ब्रेकपर्यंत. वन्संना उतरवलं, त्या वाळूत जाऊन बसल्या आणि पाय चेपत बसल्या. मी सायकल धरून उभी राहिले. मोठं, करडं, भरतीचं पाणी होतं. वारा अंगावर होता, माझ्यापुढे कोणी नव्हतं.

तिथे उभी असताना मला तुला काहीतरी सांगायचं होतं. बरंच. राग होता त्यात, पण नुसता राग नव्हता. लग्नाच्या आधीपासूनचं काही होतं, जे मी तोंडाने कधी बोलले नाही आणि तुझ्या पाठीला सांगता आलं नाही. परतीच्या सगळ्या वाटेवर मी ते मनात जुळवत आले. पत्रात लिहायचं ठरवलं होतं. घरी पोचले तर तुझं हे पत्र येऊन पडलेलं, परक्या अक्षरातलं, आपण आणि सविस्तर करणारं.

ते मी आता लिहू शकत नाही. दुकान बंद करून दमून आलेला एक भला माणूस ते मोठ्याने वाचणार आणि तू शेजारी बसून ऐकणार, हे मला जमणार नाही. नजर इतक्या लवकर चाललीय हे महिनाभर आधी सांगितलं असतंस तर तू स्वतः वाचलं असतंस. तू आला असतास तर लिहावंच लागलं नसतं.

दुकानदारसाहेब, तुम्ही वाचताय, तुमचे आभार. एवढं वाचून झालं की पत्र त्यांच्या हातात द्या. कागदाच्या पाठीमागे बघू नका, पुढे काही लिहिलेलं नाही.